नागपूरच्या बर्डीवरच्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंना, कळमना मार्केटातून

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक ऐन भरात आणि आमच्या अडतीवरचा जुना पीसी बसला. नवा आणला, त्यात नवं ऑफिस टाकलं, तर त्यातल्या नोंदी ठेवायच्या अ‍ॅक्सेसमधला पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाचा, फॉर्म चालेना. ‘कंपाइल एरर: कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी,’ म्हणजे कोडला लागणारी लायब्ररी सापडत नाही. बोट कशावर, तर ‘डेट’वर. आजची तारीख देणारं साधं फंक्शन! बाहेर शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले, आणि फॉर्म बनवणारा म्हणतो, ‘नवीनच करून घ्या.’

तुम्ही आल्या आल्या फाइलची कॉपी काढली. त्या ‘डेट’कडे ढुंकूनही पाहिलं नाही. टूल्समधलं ‘रेफरन्सेस’, म्हणजे कोडला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी, फिकट होतं, तेव्हा म्हणालात, ‘घाबरता काहून? आधी रीसेट दाबा, मग उघडते ते.’ उघडलं. यादीत एका नावाआधी ‘मिसिंग’: जुना कॅलेंडर कंट्रोल, जो ऑफिस २०१० पासून येतच नाही. एक रेफरन्स तुटला की व्हीबीएला, म्हणजे ऑफिसमधल्या कोडच्या भाषेला, ‘डेट’, ‘लेफ्ट’ अशी घरची फंक्शनंही सापडेनाशी होतात, हे मला तेव्हा कळलं. चोर एकीकडे, पंचनामा दुसरीकडे. फॉर्मवरचं कॅलेंडर काढून तुम्ही साधा टेक्स्टबॉक्स ठेवला, त्याला तारखेचा फॉरमॅट दिला. अ‍ॅक्सेस स्वतःच कॅलेंडर दाखवतं म्हणे, २००७ पासून. मग यादीतल्या त्या ‘मिसिंग’ नावाची टिक काढली.

पुढची अडचण नवं ऑफिस ६४-बिटचं असल्याची. पट्टी कोणी केली ते नोंदवायला विंडोजच्या ‘गेट यूजर नेम’ फंक्शनचं जुनं डिक्लेअर, म्हणजे कोडला त्याची ओळख देणारी ओळ, होतं. तिथे तुम्ही ६४-बिटला लागणारा ‘पीटीआर-सेफ’ शब्द जोडला आणि थांबलात. मी इंटरनेटवर वाचून आकड्यांसाठीचे सगळे ‘लाँग’ बदलून मेमरीतले पत्ते मावणारे ‘लाँग-पीटीआर’ करायला निघालो होतो. ‘इथे फक्त नावाची लांबी जाते, मेमरीतला पत्ता किंवा हँडल नाही, लाँगच राहू द्या,’ हे तुम्ही गर्दीतही समजावून सांगितलं. घाईत एवढं कोण सांगतं? तोलाईच्या, म्हणजे वजनाच्या मजुरीच्या, रकान्याचं कुणीतरी बदललेलं नाव मग मीच शोधलं. डीबगमधलं ‘कंपाइल’ दाबलं, काही कुरकुर न करता ते फिकट पडलं, म्हणजे कोड जुळला, आणि पहिली पट्टी छापून निघाली.

पैशाचं विचारलं तर चहावर भागवलंत. ते मला काही पटलेलं नाही. फेब्रुवारीत मृगाची संत्री उतरली की एक कॅरेट दुकानावर येईल, परत पाठवू नका.

आपला,
अडतीवरचा दिवाणजी