मी हवेत असताना माझी कोच बोलत नाही

प्रति संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन शिकवण्यांवर लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. जरा उशीरच झाला, कारण आधी राग आला, मग वाटलं जाऊ दे, आणि परवा ट्रेनिंगच्या जागी दोघीतिघी त्याच लेखावरून वाद घालत होत्या तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू. लेखात गिटार, चित्रकला, परदेशी भाषा यांच्या रांगेत एरियल सर्कसलाही, म्हणजे उंचावर लटकून करायच्या कसरतींनाही, बसवलंय आणि लेखकाने एका वाक्यात निकाल लावलाय की उंचावर लटकलेल्या माणसाला मोबाइलवरून शिकवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सोबत फोटो काय, तर एक मुलगी घरात छताच्या हुकाला कापड बांधून उलटी लटकलीये, खाली पातळ योगा मॅट, आसपास कोणी नाही.

नवशिक्यांबद्दल म्हणत असतील तर लेखक शंभर टक्के बरोबर आहेत, मी तर म्हणेन कमीच बोलले. ज्याला अजून इन्व्हर्ट नीट येत नाही, म्हणजे हातांवर वजन घेऊन पाय वर नेऊन उलटं होता येत नाही, त्याच्या जवळ उभं राहणारा माणूस पाहिजे, पाहिजे म्हणजे पाहिजेच. पण लेखात दहा-बारा वर्षं हे काम करणारे लोक आणि ती फोटोतली मुलगी एकाच टोपलीत टाकलेत, ते मला पटलं नाही.

मी सिल्क्स करते, चौदा वर्षं झाली. माहीत नसेल त्यांच्यासाठी, सिल्क्स म्हणजे वरच्या एका पॉइंटवरून सोडलेल्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या, नाव सिल्क असलं तरी असतं ते बहुतेक वेळा नायलॉनचं, त्यावर चढायचं, अंगाला गुंडाळून घ्यायचं आणि त्या गुंडाळ्यांच्या भरवशावर हात सोडायचे किंवा खाली सुटायचं, त्या सुटण्याला आम्ही ड्रॉप म्हणतो. गेली तीन वर्षं माझी कोच दुसऱ्या देशात आहे, दर पंधरा दिवसांनी आमचं एकास एक सेशन असतं आणि आम्ही प्रत्यक्ष एकदाही भेटलेलो नाही.

आता कोणी विचारेल की जवळपास कोच नाही का. आहे ना, मीच आहे! मी जिथे ट्रेन करते तिथे सगळ्यात जुनी मीच, बाकीच्यांना मी शिकवते, मग माझं कोण बघणार? दहा वर्षांनंतर बऱ्याच जणांची हीच गत होते. ट्रिक येत असतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि आपण त्याच चुका जास्त सफाईने करत राहतो. 2020 साली सगळ्या जागा बंद झाल्या तेव्हा नाइलाज म्हणून ऑनलाइन सुरू झालं हे खरं, पण जागा उघडल्यावरही आमच्यातले अनेक जण त्यातच राहिले त्याला हे कारण आहे.

पहिल्या सेशनमध्ये या कोचने मला वर चढूच दिलं नाही. आधी फोन घेऊन शिडीवर चढायला लावलं आणि वरचा पॉइंट दाखव म्हणाली, मग कॅराबिनरचं, म्हणजे कापड वर अडकवायच्या धातूच्या कडीचं, गेट कोणत्या बाजूला वळलंय, लॉक पूर्ण फिरलंय का, स्विव्हल, म्हणजे कापडाला पीळ पडू नये म्हणून लावलेला फिरता जोड, हाताने फिरवून दाखव, कापड अडकवलंय तिथल्या घड्या उलगड, कापड उजेडासमोर धर. मग विचारलं, खाली कोण आहे? म्हटलं, मैत्रीण आहे. म्हणे, तिला कॅमेऱ्यासमोर बोलाव, आणि तिलाच विचारलं की ही वर अडकली आणि हात गळून गेले तर तू काय करशील. मैत्रीण गप्प. तो अख्खा तास तिला अडकलेल्या माणसाला खाली कसं घ्यायचं ते समजावण्यात गेला. मला तेव्हा वैताग आला होता, पैसे मी भरले आणि क्लास हिचा, असं झालं. आता दुसऱ्या कोणी कोचने हे विचारलं नाही तर मी पुढचं सेशन घेणार नाही.

कारण हे आकडे बघा. समजा 60 किलोचा माणूस 2 मीटर मोकळा पडला आणि कापडाने त्याला पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये थांबवलं, तर थांबवताना सरासरी जोर त्याच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे 300 किलोच्या आसपास, आणि एखाद्या क्षणाचा सगळ्यात मोठा जोर त्याहून जास्त. कापड कमी ताणणारं असेल तर थांबायचं अंतर कमी आणि झटका मोठा. चांगल्या कॅराबिनरवर 20-22 किलोन्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण दोन टनांहून जास्त, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते लांबीच्या दिशेने. तोच कॅराबिनर फिरून जोर आडवा पडला की बहुतेक वेळा एक तृतीयांशाच्या आसपासच उरतो. आणि धातूच्या आतला थकवा तर कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. लिलियन लाइट्झेल ही तिच्या काळातली सगळ्यात मोठी एरियलिस्ट, फेब्रुवारी 1931 मध्ये कोपनहेगनमध्ये पडली आणि दोन दिवसांनी गेली, तिचं तंत्र चुकलं नव्हतं, वरचा धातूचा भाग तुटला होता. त्यामुळे माझी कोच स्पष्ट सांगते की रिगिंग, म्हणजे वरची सगळी बांधणी, मी पास करत नाही, ते तिथल्या जाणकार माणसाने प्रत्यक्ष हात लावून तपासायचं, मी फक्त तू डोळेझाक करत नाहीयेस ना एवढंच बघतेय.

बरं, मग ती शिकवते काय? तर मुख्यतः बघते. एक प्रसंग सांगते. माझा इन्व्हर्ट उजवीकडे छान, डावीकडे नेहमी अडखळायचा. आठ वर्षं मला प्रत्येकाने सांगितलं, पोट कमी पडतंय, कोअर वाढव. मी वाढवला, फरक शून्य. हिने मला फोन समोर न ठेवता बाजूला, खांद्याच्या उंचीवर, उंच स्टुलावर ठेवायला सांगितला आणि स्लो मोशनमध्ये डावीकडचे पाच इन्व्हर्ट मागवले. सेशनमध्ये तो व्हिडिओ थांबवला आणि म्हणाली, पायांकडे बघू नकोस, डाव्या कानाकडे बघ. पाय जमिनीवरून उचलायच्या आधीच माझा डावा खांदा कानाला चिकटत होता आणि त्यामुळे डोकं मागे फेकून मी ती कसर भरत होते. पोटाचा संबंधच नव्हता. पाठीच्या पंख्याचं हाड, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, खाली ओढून धरायचं आणि मगच पाय उचलायचे, सहा आठवडे फक्त एवढंच, तेही जमिनीपासून अर्ध्या फुटावर. सातव्या आठवड्यात डावा इन्व्हर्ट उजव्यापेक्षा शांत झाला.

जवळ उभ्या असणाऱ्यांना हे दिसलं नाही कारण ते माझ्या खाली उभे असायचे, आणि खाली उभा असलेला माणूस तुला पडताना पकडायला उभा असतो, त्याची नजर कमरेवर आणि गुंडाळ्यांवर, त्याला खालून खांदा आणि कान एकातच दिसतात. शिवाय त्याला ते एकदाच दिसतं. हिला तेच वीस वेळा मागेपुढे करून दिसतं. स्पॉटिंगचं काम कमी महत्त्वाचं आहे असं म्हणत नाहीये मी, ते काम वेगळं आणि हे काम वेगळं, एकच माणूस एकाच वेळी दोन्ही करू शकेलच असं नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी आहेत ज्या बाहेरच्यांना हास्यास्पद वाटतील. कॉलमध्ये आपलं चित्र आपल्याला आरशासारखं उलटं दिसतं त्यामुळे डावा-उजवा यात गोंधळ होतो, म्हणून आम्ही 'खिडकीकडचा हात' आणि 'दाराकडचा हात' असं बोलतो. अॅपचं आवाज साफ करायचं सेटिंग बंद ठेवायचं, नाहीतर ते माझा श्वासही गोंगाट समजून कापून टाकतं, आणि तिला श्वासच ऐकायचा असतो, मी कुठे श्वास धरून ठेवते त्यावरून तिला कळतं की मी कुठे घाबरतेय. आणि सगळ्यात मोठा नियम, मी हवेत असताना ती तोंड उघडत नाही. जे काय सांगायचं ते वर जायच्या आधी किंवा पाय जमिनीला लागल्यावर.

हा नियम मला कळला तो दुसऱ्याच एका कोचमुळे, हिच्या आधीच्या. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच सेशनमध्ये त्याने मला एक नवा ड्रॉप दिला, म्हणाला तुझा लेव्हल बघता सहज होईल, मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एकच कॅमेरा, तोही समोरून. पाठीमागे कापडाचा जो क्रॉस पडायला हवा होता तो पडला नव्हता, त्याला पाठ दिसतच नव्हती आणि मला वाटलं तो बघतोय. तो 'थांब' म्हणाला होता, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, पण लॅगमुळे माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मी हात सोडले होते. एका हाताने कापड पकडलं गेलं म्हणून वाचले. गुडघ्यामागची कातडी कापडाने सोलून निघाली आणि खांदा चार महिने वर जात नव्हता. मॅट होती, मैत्रीण होती, तरी हे. नवा ड्रॉप स्क्रीनवरून शिकायचा नाही, कितीही वर्षं झाली असली तरी, हे मी तेव्हापासून गाठीशी बांधलंय. आताच्या कोचकडे ड्रॉप मागितला तर ती सरळ नाही म्हणते, प्रत्यक्ष कोणाकडे जाऊन शीक, मग मी त्याची लाइन सुधारून देईन. फ्लाइंग ट्रॅपीझचं, म्हणजे झुलत्या दांडीवरून हवेत झेप घ्यायच्या प्रकाराचं, तर विचारूच नका, तिथे समोरून पकडणारा माणूस असतो आणि सगळा खेळ क्षणाच्या टायमिंगचा, त्यात स्क्रीनला जागाच नाही. फ्लाइंग ट्रॅपीझ ज्याने पहिल्यांदा लोकांसमोर केलं, 1859 साली पॅरिसमध्ये, तो ज्युल लिओतार, तोसुद्धा सराव वडिलांच्या व्यायामशाळेतल्या स्विमिंग पूलवर करायचा. पडलो तर पाण्यात, इतकं साधं डोकं त्याने लावलं होतं.

म्हणजे लेखकाला जो धोका दिसला तो खराच आहे, फक्त चुकीच्या जागी दाखवलाय. धोका कॅमेऱ्यात नाही, कोणीही उठून कोच होऊ शकतो यात आहे. एरियल शिकवायला जगभर मानलं जाणारं एकच लायसन्स नाही, ज्याचे फॉलोअर जास्त त्याचे क्लास भरतात, आणि सेशन विकणाऱ्याने समोरच्याला 'तू हे करू नकोस' म्हणणं धंद्याला परवडत नाही. मला विचाराल तर चांगल्या रिमोट कोचची ओळख त्याच्या नकारांवरून होते. माझ्या कोचने एका मुलीला तीन महिने थांबवलं, कारण तिच्याकडे खाली उभं राहणारं कोणी नव्हतं. ती मुलगी चिडून दुसरीकडे गेली आणि तिला दुसऱ्याच दिवशी दुसरा कोच मिळाला.

आणि प्रत्यक्ष हाताला पर्याय आहे असं मी म्हणणारच नाही. पंख्याच्या हाडावर बोट ठेवून 'इथून' म्हणणारा माणूस जे दोन सेकंदात सांगतो त्याला आमची पंधरा मिनिटं जातात, कधी कधी शब्दच सापडत नाहीत. वर्षातून एकदा तरी मी प्रत्यक्ष वर्कशॉपला जातेच आणि येताना तिथे काय शिकले ते तिला व्हिडिओ करून पाठवते, मग त्यावर आमचे दोन महिने निघतात.

आता तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लेखाचं काही करू नका, मत आहे, असू दे. पण तो फोटो तुमच्या वेबसाइटवर अजून आहे आणि त्याखाली 'घरबसल्या एरियलचा सराव' असं लिहिलंय. लेख आल्यावर दोन दिवसांतच, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीने तोच मला पाठवून विचारलं, ताई, असा हुक कुठे मिळतो?

तो फोटो कृपया काढा.

आपली,
एक नियमित वाचक