जुहूच्या जीवरक्षक दादांस जाहीर आभारपत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यातल्या त्या रविवारी जुहूला माझ्या मुलीच्या पायाला ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या विषारी समुद्री जीवाचे धागे गुंडाळले गेले आणि सगळ्यात आधी तुम्ही धावत आलात. गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

जमलेली माणसं कळवळ्यानेच उपाय सुचवत होती. कुणी प्यायच्या पाण्याची बाटली पुढे केली, कुणी वाळूने चोळा म्हणालं, कुणी लघवीचा उपाय सांगितला. तुम्ही सगळ्यांना ठामपणे थांबवलंत. गोडं पाणी लागलं किंवा चोळलं की कातडीला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या विषारी पेशी फुटतात, हे तुम्ही हात न थांबवता मला समजावलंत. समुद्राच्याच पाण्याने पाय धुतलात, चिमट्याने एकेक निळा धागा उचललात. मग चहाच्या टपरीवरून गरम पाणी मागवलंत, ते बादलीत बेताचं करून आधी स्वतःचा हात घालून पाहिलंत. सोसेल इतकंच गरम, ४५ अंशांच्या आसपास, आणि त्यात पाय २० मिनिटं.

कळवळून रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला २० मिनिटं एका जागी बसवायचं कसं? आपण मरणार, असंच ती म्हणत होती. तुमचं लक्ष तिच्या टोपीवरच्या 'डोरी' या कार्टून-माशाकडे गेलं.

"हिलापण जेलीफिशने डंख मारले होते ना? मग जागी झाल्यावर काय करत होती ही?"

हुंदके देत उत्तर आलं, "आकडे मोजत होती."

'फाइंडिंग निमो' या कार्टूनपटात (२००३) आहेच तसं. निमोचा बाबा मार्लिन तिच्या काळजीने हवालदिल झालेला, आणि डोरी कासवांच्या पिल्लांबरोबर लपाछपी खेळतेय, राज्य तिच्यावर! तुम्ही म्हणालात, "मग आता राज्य तुझ्यावर. मोज." आणि ती मोजू लागली. चुकली की तुम्ही मुद्दाम पुढचा आकडा चुकीचा सांगायचात, ती रडता रडता तुम्हाला दुरुस्त करायची. प्रथमोपचार शिकवता येतात. हे तुमचं स्वतःचं होतं, दादा.

"तिने मला का चावलं?" या प्रश्नालाही तुम्ही खरं उत्तर दिलंत. ब्लू बॉटलला पोहता येत नाही, वरच्या हवेच्या फुग्यावर वारा बसेल तिकडे ती जाते, आणि पावसाळी वारा तिला आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. वाळूत मरून पडलेलीही डंख करू शकते, हेही बजावलंत. त्यामुळे माझ्या मुलीला समुद्राचा राग आला नाही. आता ती बिल्डिंगमधल्या पोरांना हे सगळं शिकवते.

श्वास आणि सूज यांवर लक्ष ठेवा, डॉक्टरांना दाखवाच, म्हणालात. दाखवलं. प्रथमोपचार अगदी योग्य झालेत, असं ते म्हणाले. वळ आता फिके पडलेत.

तुमचे मनापासून आभार. एकामागून एक पातेली उकळून देणाऱ्या आणि पैसे घ्यायला नकार देणाऱ्या चहावाल्या काकांनाही आमचा नमस्कार सांगा.

आपली,
डोरीच्या टोपीवाल्या मुलीची आई