आरोग्यमंत्री साहेब, फॅट फ्रीझिंगच्या फॉर्मवर काय लिहिलंय ते आम्हाला मराठीत कळू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी नाशिकची, शाळेत शिकवते. हे पत्र धाकट्या बहिणीला विचारून लिहितेय. आधी ती नको म्हणाली, मग म्हणाली ताई लिही पण माझं नाव नको, म्हणून नाव नाही. तिने जिथे पोटाची चरबी गोठवून घेतली त्या सेंटरचंही नाव घेत नाही, कारण मला एका दुकानाशी भांडायचं नाहीये, मला तुमच्याकडून एक नियम हवाय.

बहीण 34 वर्षांची, दोन मुलं, दोन्ही सीझर. दुसऱ्या बाळंतपणानंतर बेंबीखालचं पोट सुटलेलं राहिलं, जे आपल्याकडे निम्म्या बायकांचं राहतं, पण चुलत भावाचं लग्न आलं आणि फोनवर जाहिरात आली, ऑपरेशन नाही, सुई नाही, एका तासात चरबी गोठवा आणि घरी जा. गेली. तिथे कौन्सेलर म्हणून एक मुलगी होती, तिने टेपने पोट मोजलं, 60 हजारांचं पॅकेज सांगितलं, हप्ते करून दिले, टॅबवर इंग्रजी फॉर्म पुढे केला आणि इथे बोटाने सही करा म्हणाली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डॉक्टर कुठेच नव्हता. पोटाला हात लावून हर्निया आहे का, सीझरनंतर स्नायू फाकलेत का, हे कुणी बघितलं नाही.

साहेब, मशीन खोटं नाहीये हे मी आधीच सांगते, म्हणजे उगाच कुणी म्हणायला नको की ही बाई सगळ्यालाच विरोध करते. बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालाला आतून खड्डे पडतात हे डॉक्टरांनी 1970 च्या सुमारास नोंदवलं होतं, म्हणजे थंडीने कातडीच्या आधी चरबी मरते. त्यावरून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मॅनस्टीन आणि अँडरसन या डॉक्टरांनी क्रायोलिपोलिसिस, म्हणजेच हे फॅट फ्रीझिंग, शोधून काढलं आणि 2010 ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, कमरेच्या बाजूच्या चरबीसाठी त्याला परवानगी दिली, 2012 ला पोटासाठी. कातडीवर जेलचं पॅड ठेवतात, कप लावून चरबीचा रोल आत ओढतात, शून्याच्या खाली थंड करतात, पेशी हळूहळू मरतात आणि दोन-तीन महिन्यांत शरीर त्या काढून टाकतं. त्या जागेवरचा चरबीचा थर साधारण 20 ते 25 टक्के कमी होतो. वजन कमी होत नाही, सुटलेली कातडी आवळत नाही, फाकलेले स्नायू जवळ येत नाहीत. एवढं जरी कुणी तिला समोर बसवून सांगितलं असतं तरी ती तिथूनच परत आली असती असं मला वाटतं, कारण तिचा प्रॉब्लेम अर्धा स्नायूंचा होता.

पोटावर चार ठिकाणी कप, दोन सिटिंग. पहिले काही आठवडे बधीरपणा आणि सूज, ते नॉर्मल असतं म्हणाले आणि ते खरंही आहे. अडीच महिन्यांनी बेंबीच्या उजवीकडे घट्ट गोळा यायला लागला, गोल नाही, आडवा लांबट, कडा सरळ, कपडे धुवायच्या साबणाची वडी कातडीखाली ठेवल्यासारखा. ती सेंटरला गेली तर त्यांनी वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले मॅडम तुम्ही डाएट पाळलं नाही.

आणि तिने विश्वास ठेवला. रात्रीचं जेवण सोडलं, काकडी आणि ताक, सकाळी पाचला उठून गोदाकाठाने चालणं. चार किलो उतरले, गाल बसले, आईने काय ग आजारी आहेस का विचारलं, आणि गोळा होता तिथेच, उलट बाकीचं पोट उतरल्यामुळे जास्त दिसायला लागला. लग्नात साडीच्या निऱ्या त्याच्यावर बसेनात म्हणून ती दोन दिवस खांद्यावर शाल घेऊन वावरली, मे महिन्यात. मला तेव्हा कळलं.

मग आम्ही प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी हात लावला आणि लगेच नाव सांगितलं, पॅराडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लेझिया. म्हणजे गोठवलेली चरबी मरायच्या ऐवजी त्याच जागी वाढते, कपाच्याच आकाराची. डाएटने जात नाही, व्यायामाने जात नाही. आधी काही महिने थांबून गोळा मऊ पडू द्यायचा आणि मग लायपोसक्शन. सुई नाही ऑपरेशन नाही म्हणून जी बाई गेली तिच्या नशिबी ऑपरेशनच आलं. केबिनमधून बाहेर आल्यावर ती रडली आणि पहिलं वाक्य बोलली, ताई म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना.

हेच लिंडा इव्हान्जेलिस्टाचं झालं होतं, 1990 च्या दशकातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या मॉडेल्सपैकी एक. 2015-16 मध्ये तिने कूलस्कल्प्टिंग या नावाने विकली जाणारी ही ट्रीटमेंट घेतली, गोळे आले, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून तिनेही उपाशी राहून बघितलं, आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये तिने जगाला सांगितलं की ती इतकी वर्षं घरात का लपून होती. मशीनच्या कंपनीवर 5 कोटी डॉलरचा दावा केला, 2022 ला समझोता झाला. तिच्याकडे वकील होते. माझ्या बहिणीकडे टॅबवरच्या फॉर्मचा मोबाईलने काढलेला एक हललेला फोटो आहे. तो मी झूम करून वाचला. त्यात या आजाराचं नाव आहे साहेब, खाली बारीक अक्षरात, इंग्रजीत.

दुर्मिळ आहे असं सगळे सांगतात, म्हणून तो आकडाही मी समजून घेतला. 2014 ला पहिली केस छापून आली तेव्हा अंदाज होता 20,000 सायकलमागे एक, मग कंपनीच सुमारे 4,000 मागे एक म्हणायला लागली, आणि नंतरच्या काही डॉक्टरांच्या अभ्यासात प्रमाण त्याहूनही जास्त निघालं. सायकल म्हणजे माणूस नाही, एका जागी एकदा लावलेला कप. बहिणीला आठ लागले. म्हणजे कंपनीचाच आकडा धरला तरी ढोबळ हिशोबाने तिची शक्यता 500 मध्ये एक होते. सहावीच्या मुलांना मी गुणोत्तर शिकवते, तिला हे कुणी एका वाक्यात सांगू शकलं असतं.

आता कायद्याचं. 2020 च्या एप्रिलपासून केंद्राने सगळी वैद्यकीय उपकरणं 1940 च्या औषध कायद्याखाली घेतली, त्यामुळे बनवायला, आयात करायला, विकायला नियम आहेत. पण ते नियम मशीन सेंटरच्या दारापर्यंत पोचवतात, आत ती कुणाच्या हातात जाते ते विचारत नाहीत. आपल्या राज्याचा नर्सिंग होमचा कायदा 1949 चा, तो रुग्ण ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या जागांसाठी, आणि ही सेंटर म्हणतात आमच्याकडे रुग्ण नाहीतच, क्लायंट आहेत. ज्या आजारांवरच्या उपचारांची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा स्पष्ट लिहिलेला आहे, पण जाहिरातीत लठ्ठपणा शब्द नसतोच, इंच लॉस असतो.

माझी मागणी एवढीच आहे की शरीराची पेशी मारणारं मशीन लावायच्या आधी एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरने पोट हाताने तपासावं, थंडीने बळावणारे रक्ताचे आजार आहेत का विचारावं आणि स्वतःचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर लिहून सही करावी. फॉर्म मराठीत असावा, आदल्या दिवशी घरी न्यायला मिळावा आणि त्यात हा गोळा कसा दिसतो, किती महिन्यांनी येतो, आला तर काय करावं लागतं आणि तो खर्च कोण करणार हे मोठ्या अक्षरात असावं. मशीनचं नाव आणि लायसन्स नंबर भिंतीवर लावावा, कारण बहिणीला लावलेलं मशीन कुठल्या कंपनीचं होतं हे आम्हाला अजून सांगितलेलं नाही. अन्न व औषध प्रशासन तुमच्या खात्यात नाही हे माहीत आहे, पण त्या मंत्र्यांशी तुम्ही बोलू शकता, मी नाही.

आणि एक, उपकरणांमुळे झालेला त्रास नोंदवायला केंद्राचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम 2015 पासून आहे. सर्जननी सांगेपर्यंत हा शब्द आम्ही ऐकलेला नव्हता. जिल्हा रुग्णालयात त्याचा फॉर्म मराठीत ठेवा, एक टेबल आणि एक माणूस द्या. लाजेने घरात बसलेल्या बायका तिथपर्यंत तरी येतील, आणि आल्या तर आपल्या राज्यात हे किती जणींना झालंय ते तुम्हालाही कळेल.

बहिणीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. पावत्या, सिटिंगच्या तारखा, फोटो, सर्जनची चिठ्ठी सगळं एका फाईलमध्ये लावून ठेवलंय, तुमच्या ऑफिसने मागितलं तर मी स्वतः मंत्रालयात घेऊन येते.

आपली,
नाशिकची एक शिक्षिका