मुरमाचे रस्ते मुरमाचेच ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून 31 वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो. आता वय 63. चार वर्षांपूर्वी मुलीने मला ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यावर चालणारी सायकल, घेऊन दिली. हँडल रेसर सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर 40 मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक, आणि चढाला पुरेल इतका हलका गिअर. टायरमध्ये ट्यूब नसते, आत सीलंट नावाचा चिकट द्रव असतो, त्यामुळे बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. हवा पस्तीस पौंडांच्या आसपास ठेवली की खडीवरून सायकल आदळत नाही, चालत जाते. ही सायकल हातात आल्यापासून, ज्या रस्त्यांवर जन्मभर रोलर फिरवला तसल्याच रस्त्यांवर मी दर रविवारी असतो. त्याच रस्त्यांबद्दल हे पत्र आहे.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकलशर्यत झाली. शर्यत पाहायला मी रस्त्याकडेला दोन तास उभा होतो आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. शर्यतीच्या सायकलींना गुळगुळीत डांबर लागतं, ते त्यांना मिळालं याचा आनंदच आहे. पण सायकल म्हणजे गुळगुळीत रस्ता असं समीकरण आता पक्कं होत चाललं आहे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्याने नुकसान होईल.

कोथरूडहून पहाटे निघालं की खडकवासला, डोणजे, खानापूर करत उजाडता उजाडता पानशेत येतं. तिथून धरणाच्या पाण्याकाठाने शिरकोली, टेकपोळे, आणि मग घोळ हे गाव. घोळच्या पुढे गारजाईवाडी. वाडीच्या पलीकडे कोकणदिवा किल्ला उभा आहे आणि त्याच्या खांद्यावरून कावल्या घाटाची पायवाट कोकणात सांदोशीला उतरते. कड्यावर उभं राहिलं की समोर रायगड. समुद्र तिथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरांवर असेल, आणि पावसाळ्यात त्याच्याकडून येणारा सगळा वारा याच कड्यावर आदळतो. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणीच्या माथ्यावर 5 हजारांच्या वर. जिथे असा पाऊस पडतो तिथे रस्त्याचं पहिलं काम पाणी बाजूला काढणं हे असतं. गाडी वाहून नेणं त्यानंतर येतं.

हे आम्हाला कामावर आल्याच्या पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं. खडी पसरायची, रोलरने दाबायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, पुन्हा रोलर. भरपूर पावसाच्या भागात खडीच्या रस्त्याला कॅम्बर शेकडा तीन. म्हणजे तीन मीटर रुंद रस्ता कडांपेक्षा मधोमध साडेचार सेंटीमीटर उंच, कासवाच्या पाठीसारखा. डोंगराच्या अंगाला गटार, ठरावीक अंतरावर रस्त्याखालून पाणी काढणारी मोरी, ओढ्यावर फरशी, म्हणजे पाणी वरून जाईल असा बुटका पूल. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला मैलकुली. त्याच्याकडे त्याचा तुकडा नेमून दिलेला असायचा. मृगाच्या आधी तो गटारं मोकळी करायचा, मोरीतला पाला काढायचा, खड्डा बशीएवढा असतानाच मुरमाने बुजवायचा. एक फावडं, एक घमेलं आणि एक माणूस, एवढ्यावर तो रस्ता वीस-वीस वर्षं टिकलेला मी पाहिला आहे.

गेल्या डिसेंबरात एका धरणाच्या मागच्या अंगाला गेलो होतो. गावाचं नाव देत नाही, कारण असं एकाच गावात झालेलं नाही. शेवटच्या वाडीच्या पुढे, जिथे घर नाही, शेत नाही, अशा जुन्या गाडीवाटेवर अडीच-तीन किलोमीटर काँक्रीट ओतलेलं होतं. गटार नाही. मोऱ्या बुजवून टाकलेल्या. रुंदीसाठी डोंगर उभा कापलेला, आणि तो एका पावसातच तीन ठिकाणी रस्त्यावर आलेला. एका वळणावर खालची माती वाहून जाऊन काँक्रीटची लादी अधांतरी लोंबत होती. मुरमाचा रस्ता वाहिला तर चार घमेली टाकून दुसऱ्या दिवशी चालू होतो. ही लादी तुटली की पुढच्या टेंडरपर्यंत तशीच. मी सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे गेलो. खाली ओढ्यावर आमच्या काळची दगडी मोरी होती, तिच्या तोंडात काँक्रीटचा उरलेला माल ओतला होता. माझा अर्धा जन्म असल्या मोऱ्या बांधण्यात गेला आहे. मला ते बघवेना.

वाडीत परतल्यावर एका आजींनी ताक दिलं. मी त्यांना तो वरचा रस्ता कोण वापरतं ते विचारलं. त्या म्हणाल्या, "वर कोन जातंय बाबा? आमास्नी खालचा नीट करून द्या म्हनलं हुतं. एष्टी तितं रुतती पावसात."

त्यांचं म्हणणं मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. प्रत्येक वाडीपर्यंत डांबरी रस्ता गेलाच पाहिजे. एसटी, शाळेची मुलं, बाळंतपणाला निघालेली बाई, यांच्या वाटेत शहरातल्या सायकलवाल्याची हौस येता कामा नये. पण शेवटच्या घराच्या पुढे जे उरतं त्या जुन्या गाडीवाटा, धरणांच्या फुगवट्याकाठचे कच्चे रस्ते, माथ्यावरच्या सडकांचे तुकडे, ते मुरमाचेच ठेवावेत आणि नीट ठेवावेत. वरचा पैसा खालच्या रस्त्याला द्यावा.

असं जगात झालेलं आहे. इटलीत तोस्कानीमध्ये पांढऱ्या खडीचे जुने रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून 1997 मध्ये गायोले इन कियांती या गावातून लेरोइका ही सायकलफेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी 92 जण होते. 2007 पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत होते, आणि आता दोनशेच्या वर किलोमीटरांचा मार्ग पाट्या लावून बारमाही खुला आहे.

आमच्याकडे तर माल जास्त आहे. वर देशावर करडा-तांबूस मुरूम, खाली कोकणात लालभडक जांभा. कोजागिरीनंतर मुरूम बसतो, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत त्याच्यासारखा रस्ता नाही; मार्चपासून फुफाटा. भोरहून नीरा देवघरच्या काठाने वरंधा उतरून महाड, म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, बागमांडल्याला तरीत (फेरीबोटीत) सायकल चढवून वेसवी आणि पुढे वेळास, एवढं मी तीन मुक्कामांत केलं आहे. पण त्यातला बराचसा भाग मोटारींच्या घाटरस्त्याने करावा लागतो. जुलैतल्या रविवारी ताम्हिणीत किंवा वरंध्यात तरण्या मुलांना सायकलवर पाठवायला माझा जीव धजत नाही. मोटारींपासून दूरच्या कच्च्या वाटा हव्यात त्या यासाठीच.

मुळशी, वेल्हे (आता राजगड) आणि भोर या तीन तालुक्यांत अशा वाटांची एकदा पायी फिरून नोंद व्हावी. नोंदलेल्या वाटेवर काँक्रीट आणि डोंगर कापणं बंद. आणि मैलकुली परत आणा. पाच-सहा किलोमीटरांना त्याच वाडीतला एक माणूस, बारमाही पगारावर. त्याच्या घरी चहा-भाकरीची सोय झाली तर सायकलवाले आनंदाने पैसे देतील, मी देतोच.

गेल्या चार वर्षांत या तीन तालुक्यांत फिरताना दिसलेल्या 143 मोऱ्या मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. जागा, मोरी दगडी की पाइपाची, उघडी की बुजलेली. नोंदीचं काम कुणी हाती घेणार असेल तर वहीची नक्कल मी स्वतः आणून देईन, आणि डिसेंबरात दाखवायलाही येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त ओव्हरसियर
कोथरूड, पुणे