डाइव्हनंतर सोळा तासांच्या आत विमान: कॅरिबियन सेलिंग सहलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील सात दिवसांच्या सेलिंग सहलीत स्कूबा डायव्हिंगची चुकीची आखणी व सदोष साहित्य, जादा खर्चाची भरपाई मिळणेबाबत.

महोदय,

मार्च महिन्यातील आपल्या कॅटामरान (जोड-सांगाड्याची शिडाची बोट) सहलीत आम्ही सहा जण होतो. त्यातले चौघे प्रमाणित डायव्हर, दोघे ओपन वॉटर (प्राथमिक पातळी) आणि दोघे ॲडव्हान्स्ड (त्यापुढची पातळी). प्रमाणपत्रांच्या प्रती आपण बुकिंगच्या वेळीच मागवून घेतल्या होत्या. म्हणजे कोण किती खोल जाऊ शकतं, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं.

सर्वांत गंभीर बाब आधी. कार्यक्रमात डायव्हिंग सहाव्या दिवशी ठेवलं होतं. दुसरी डाइव्ह संपवून आम्ही दुपारी 3.40 ला वर आलो, आणि आपण काढलेलं विमान बीफ आयलंडच्या विमानतळावरून दुसऱ्या दिवशी सकाळी 7.30 चं होतं. मध्ये सोळा तासही नाहीत. पाण्याखालच्या दाबाने शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तो पुरता निघायच्या आत विरळ हवेत गेलं, तर रक्तात आणि सांध्यांत त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा की एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसू नये. आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, "विमान छोटं आहे, खालून उडतं, काही होत नाही." हे चूक आहे. साधारण 600 मीटरच्या वर गेलं की हा सल्ला लागू होतो. शिवाय ज्या छोट्या विमानात केबिनचा दाब राखलेला नसतो, त्यात विमान जितकं उंच, तितक्याच विरळ हवेत प्रवासी बसलेले असतात. आम्ही चौघे त्या विमानात बसलो नाही. तिकिटं बदलून घेतली आणि रोड टाउनला एक रात्र जादा राहिलो.

हे टाळणं अगदी सोपं होतं. नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर आणि मग व्हर्जिन गोर्डा ही बेटं एका ओळीत आहेत. सहलीच्या दुसऱ्याच दिवशी आमची बोट सॉल्ट आयलंडला वळसा घालून पुढे गेली आणि त्याच जागी डायव्हिंगसाठी सहाव्या दिवशी परत आली. डायव्हिंग दुसऱ्या दिवशी घेतलं असतं, तर एक मैलही वाढला नसता.

आता डाइव्हबद्दल. सॉल्ट आयलंडजवळ 'ऱ्होन' या ब्रिटिश टपालवाहू जहाजाचे अवशेष आहेत. 29 ऑक्टोबर 1867 रोजी चक्रीवादळात ते खडकावर आपटून दुभंगलं. त्यामुळे नाळेकडचा (पुढचा) भाग सुमारे 24 मीटरवर पडला आहे, तर प्रोपेलर असलेला मागचा भाग बराच उथळ पाण्यात आहे. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर. तरीही टॉर्टोलाच्या किनाऱ्यावरील ज्या डाइव्ह सेंटरशी आपला करार होता, त्यांनी चौघांनाही एकाच गाइडबरोबर आधी नाळेकडे नेलं. ओपन वॉटरवाल्या दोघांना मागच्या भागातच दोन सुंदर डाइव्ह देता आल्या असत्या. फक्त दुसरा गाइड हवा होता.

सिलिंडर पुरते भरलेले नव्हते. दाब दाखवणाऱ्या गेजवर 2,350 पीएसआय होते, म्हणजे सुमारे 160 बार (दोन्ही दाबाची एककं). 24 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या 3.4 पट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्याला तिथे 68 लिटर लागते. 11.1 लिटरच्या सिलिंडरमध्ये 50 बार राखीव ठेवले, तर 160 बारवर हाती जेमतेम 18 मिनिटं उरतात, खाली-वर जाण्याचा वेळ धरून. पूर्ण 200 बारवर ती 24 झाली असती.

एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह तर नीट उघडलेलाच नव्हता. बोटीवर रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडाशी आणणारं साधन) श्वास घेताना गेजवर नजर ठेवली, तर प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकायचा आणि सावकाश जागेवर यायचा. ही खूण प्रत्येक डाइव्हमास्टरला ओळखता आली पाहिजे. पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायच्या जुन्या सवयीत हात उलटा फिरला, की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊन पाव फेराच उघडतो. वर श्वास सहज येतो, खोलवर गेलं की हवा कमी पडते. आमच्यातल्या एकाने पाहिलं म्हणून निभावलं. दुसऱ्या सिलिंडरची ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) चिरलेली होती, आणि बोटीवर एकही सुटी ओ-रिंग नव्हती. आणीबाणीचा ऑक्सिजन कुठे आहे असं विचारल्यावर "दुकानात आहे" हे उत्तर मिळालं.

पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला बांधायचं शिसंही चुकलं. आम्ही "सहा" म्हणालो ते किलो. पट्ट्यावर आलं सहा पौंड, म्हणजे 2.7 किलो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत जाईल तसा वर ओढू लागतो, त्यामुळे शेवटी सुरक्षेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबणं दोघांना जमलंच नाही. ब्रीफिंगमध्ये एककं एकदा विचारली असती तर हा प्रश्नच आला नसता.

बोटीची फक्त एक तक्रार. पुढच्या शिडाच्या फर्लिंगची (शीड गुंडाळण्याच्या यंत्रणेची) दोरी ड्रमवर सैल गुंडाळली जात होती आणि दोनदा एकीवर एक चढून अडकली. शीड उघडताना दोरीवर हलका ताण ठेवला की हे होत नाही. स्किपरने अनेगाडा रद्द केलं, ते मात्र योग्यच होतं. ते बेट जेमतेम 8 मीटर उंच आहे, भोवती हॉर्सशू रीफ ही प्रवाळांची रांग पसरलेली आहे, आणि त्या दिवशी वारा 25 नॉटच्या पुढे होता. तिथे आमचा काहीही आक्षेप नाही.

तिकीटबदल आणि मुक्काम मिळून 1,46,800 रुपये, तसेच चौघांचं डायव्हिंगचं पूर्ण शुल्क परत मिळावं. पावत्या व डाइव्ह कॉम्प्युटरच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. पुढच्या सहलींत डायव्हिंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घ्यावं आणि बोटीवर ऑक्सिजन असल्याची लेखी खात्री सेंटरकडून घ्यावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू.

कळावे,
आपल्या सहलीतील सहा प्रवासी