कोकणसहलीची तारीख पंचांगात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यतारा नाहीतर यवतेश्वराचा रस्ता चढणाऱ्या गटांना कोकणाची आठवण होते. सोयीचा रविवार धरायचा, पहाटे चारला पोवई नाक्यावर जमायचं, पाटण-कुंभार्लीमार्गे गुहागर गाठायचं, किनाऱ्याने चालायचं आणि दुपारी अंगतपंगत. सगळं ठरतं, पण त्या वेळी समुद्र कुठवर आलेला असेल हे कुणी विचारत नाही. मग नेमकी भरती गाठली जाते. चालायला उरतो सुरूच्या बनालगतचा भुसभुशीत वाळूचा पट्टा, आणि एरवी किल्ला न थांबता चढणारी माणसं दीड किलोमीटरमध्ये बसकण मारतात. यात वयाचा दोष नाही, तारीख चुकलेली असते.

कोरड्या वाळूत पाऊल टाकलं की टाच खाली जाते. पुढे जाण्याआधी तीच टाच वर ओढावी लागते, म्हणून सपाट रस्त्याच्या जवळपास दुप्पट कष्ट पडतात. ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू मात्र रस्त्यासारखी घट्ट असते. त्यामुळे चालायचं ते ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास, एवढ्याच वेळात.

ही वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की पावणेदहाला ओहोटी. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात रत्नागिरीची वेळ बघून घ्यावी. पण तारीख ठरवायला तिथी पुरते.

साताऱ्याहून चारला निघालेली गाडी चहा-नाश्त्यासह साडेआठ-नऊला गुहागरात पोहोचते. म्हणजे एका दिवसाच्या सहलीला चतुर्थी, पंचमी आणि षष्ठी सोयीच्या. मुक्कामी जाणाऱ्यांना द्वितीया-तृतीया, तेव्हा साडेसात-साडेआठलाच पाणी मागे गेलेलं असतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि भरती भर दुपारी येते, ते दिवस टाळावेत. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे घट्ट वाळूचा पट्टा अरुंद मिळतो. रविवारचा हट्ट सोडला तर महिन्यात सहा दिवस सापडतात, आणि निवृत्त मंडळींच्या गटाला रविवार हवाच कशाला? एक मेख मात्र आहे. कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी. निम्मा गट उपाशी असतो, गुहागरजवळच्या हेदवी गावच्या दशभुज गणपतीला गर्दी असते आणि अंगतपंगतीत भाकरीला हात लावणारे कमी पडतात. ती तिथी धरलीत तर साबुदाणा आदल्या रात्री भिजवून न्या, खिचडी तिथेच परतून घ्या.

गुहागरचा किनारा सहा किलोमीटरच्या आसपास सलग आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यापेक्षा तीन किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परतावं. किनारा समुद्राकडे उतरता असतो. दक्षिणेला असगोलीच्या दिशेने जाताना समुद्राकडचा उजवा पाय खाली पडतो, परतताना डावा. एकाच दिशेने सहा किलोमीटर गेलं की कंबर आणि एक गुडघा तक्रार करतो, तो याच उतारामुळे. पायात जुने कॅनव्हासचे बूट आणि मोजे असावेत. सँडलमध्ये वाळू अडकते, पट्ट्याखाली घासून फोड येतात. अनवाणी चालायची हौस वीस मिनिटांत आवरावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जिना उतरू देत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी चालूच नये. शिंपल्याची धार, मासेमारीचा तुटका गळ, अकरानंतर तापलेली वाळू, यांतलं काहीच बधिर तळव्याला वेळेत कळत नाही.

घाम वाळत नाही हाही घाटमाथ्यावरच्या माणसाला नवा अनुभव. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी घ्यावं. माणशी दोन लिटर धरून चालावं. खाडीच्या मुखाशी पाणी गुडघाभर दिसलं तरी पलीकडे चालत जाऊ नये. ओहोटीला खाडीतलं पाणी समुद्राकडे जोरात ओढ घेतं आणि काठाचा चिखल पाय धरून ठेवतो. पलीकडे जायचंच असेल तर दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी आहेत.

आता जेवण. सहलीचा निम्मा बेरंग इथे होतो. पहाटे तीनला भरलेला डबा दुपारी साडेबाराला उघडतो. साडेनऊ तास, त्यातले चार कोकणच्या दमट हवेत. भात, दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी, उसळ, चिरलेला कांदा यांतलं काहीही साताऱ्याहून नेऊ नये. भात तर आंबल्याचा वास येण्याआधीच बाधतो. न्यावं ते कोरडं: भाकरी, दुधात भिजवलेल्या दशम्या, मोकळा झुणका, शेंगदाण्याची चटणी, मिरच्या भाजून तेलात परतलेला ठेचा. कंदी पेढे चालतात, त्यांचा खवा चांगला भाजलेला असतो.

भाकरी बिघडते ती नेण्याच्या पद्धतीने. तव्यावरून काढून गरम गरम एकीवर एक रचली की वाफ आतच राहते, खालच्या भाकऱ्या घामेजतात आणि दुपारपर्यंत चिकट होतात. सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार करावी, मग त्याच कापडात बांधावी. झाकण घट्ट लावलेला डबा नको. तीस माणसांना, सोबत भात असेल तर, पंचेचाळीस भाकऱ्या पुरतात. एक किलो ज्वारीच्या पिठात दहा-बारा होतात, म्हणजे चार-साडेचार किलो पीठ. कोणी काय आणायचं ते वाटून द्यावं. ‘ज्याला जे जमेल ते’ म्हटलं की अकरा डबे चिवड्याचे निघतात आणि मीठ कुणाकडेच नसतं.

गरम भात, आमटी आणि सोलकढी तिथल्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी आकडा कळवून सांगावी. तीस जणांना तीन किलो तांदूळ भरपूर होतो. सोलकढीला चार माणसांमागे एक नारळ आणि दहा आमसुलं, म्हणजे आठ नारळ आणि ऐंशी आमसुलं. एवढे नारळ खवायला हात लागतात, म्हणून निरोप आधी हवा. नारळाचं दूध घरून बाटलीत नेण्याची हौस करू नये, वाटेतच नासतं. स्वतः करणार असाल तर आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करा आणि ते पाणी पूर्ण गार झाल्यावरच दुधात घाला. गरम असताना घातलं की कढी फुटते, वर तेलकट तवंग येतो. भांडं स्टीलचं घ्या. बिनकल्हईचं पितळ किंवा अॅल्युमिनियम आंबटाला चालत नाही.

पंगत वाळूत मांडू नये. शाळेत शिकलेले खारे वारे अकरा-बाराला वाहू लागतात आणि ठेच्यात वाळू येते. खानावळीचा ओटा उत्तम. कुणाच्या वाडीत बसायचं तर मालकाला विचारून, आणि माडाच्या बुंध्याशी नको, पोफळीकडे सरकावं. माडावरून नारळ पडतो, झावळीही पडते.

पंचमी साधली तर आणखी एक गोष्ट जमते. जेवून पाऊण-एक तासात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाशेजारची बामणघळ गाठता येते. ओहोटीला ती नुसती खडकातली चीर दिसते; तीनच्या पुढे भरती चढते तशी लाट आत शिरून वर उसळते. बघायचं ते लांबून, कोरड्या खडकावर उभं राहून. शेवाळलेल्या खडकावर बूट टिकत नाही. चारला परत निघावं, म्हणजे कुंभार्ली घाट फार उशीर न होता चढून होतो.

आपल्या अंकात रोज पंचांग येतं, त्यात सूर्योदय-सूर्यास्त असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर शुक्रवारी त्याच चौकटीत रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या पुढच्या सात दिवसांच्या वेळा छापता आल्या तर दोन-तीन ओळींची जागा लागेल. तेवढी द्यावी, ही विनंती.

आपले,
यवतेश्वराच्या रस्त्याने चालणारे काही वाचक, सातारा