लाइट घेण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोटोसाठी मागितलेले दोन लाइट, स्टँड आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) मिळून जो आकडा झालाय, तो आईने चष्मा पुसून दोनदा वाचला. पैसे देणार नाही असं नाही. पण त्याआधी सोबत पाठवलेला फोटो सवडीने बघ.

बीटल्स या इंग्लंडच्या चौघांच्या बँडचा आहे, १९६३ सालचा, 'विथ द बीटल्स' रेकॉर्डच्या कव्हरवरचा. काळे उंच गळ्याचे स्वेटर, मागे काळोख आणि चौघांचे चेहरे अर्धेच उजळलेले. रॉबर्ट फ्रीमन या फोटोग्राफरने तो काढला इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या पॅलेस कोर्ट हॉटेलात. त्या आठवड्यात पोरांचे त्याच गावात कार्यक्रम होते, त्यामुळे ऑगस्टच्या एका दुपारी हॉटेलच्या जेवणघरातच काम उरकलं. बाजूच्या खिडक्यांमधून येणारा उजेड आणि मागे गडद पडदा. एवढंच भांडवल!

त्यांचा ड्रमर रिंगो कुठे आहे बघ. खाली उजव्या कोपऱ्यात. चौघांना रांगेत उभं केलं असतं, तर चौरस कव्हरची निम्मी जागा ओस पडली असती. रिंगो ग्रुपमध्ये सगळ्यांत शेवटी आलेला, उंचीनेही कमी, म्हणून तो खाली गेला. शिवाय फ्रीमन टेलिफोटो लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) लावून लांब उभा राहिला, त्यामुळे चेहरे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. जवळून वाइड लेन्सने काढला असता तर पुढच्याचं डोकं भोपळ्याएवढं आलं असतं.

ही तऱ्हा मुळात फ्रीमनची नव्हे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांत ही पोरं वाजवायची, तेव्हा ॲस्ट्रिड किर्शहेर या मुलीने त्यांचे असे अर्ध्या उजेडातले फोटो काढले होते. तेच फ्रीमनला दाखवून पोरं 'आम्हाला असं हवं' म्हणाली. नाव झालं फ्रीमनचं. मला हे जरा खटकतंच.

रेकॉर्ड कंपनीला फोटो पसंत नव्हता. पॉप गाणारी पोरं आणि एकाच्याही ओठावर हसू नाही, हे विकायचं कसं? पण चौघं हटले नाहीत. अमेरिकेत १९६४ मध्ये हाच फोटो निळसर छटा देऊन वापरला. मला काळा-पांढराच आवडतो. निळ्यात तो थंड पडतो.

तर आता काम. रूममेटला खिडकीशी काटकोनात बसव, मागे आईची काळी शाल टांग. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, उजळ गालावरून ठरव. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोल लावायचा मोह होईल. लावू नकोस, सगळा जीव त्या सावलीतच आहे. ट्यूबलाइट मात्र आठवणीने बंद कर.

सात-आठ फ्रेम ईमेलने पाठव. व्हॉट्सॲपवर नकोत, तिथे सावलीचा चिखल होतो. मग लाइटचं बोलू. घेतला तरी एकच घेऊ, दोन नाही.

तुझा,
बाबा